पायाखालचा स्लॅब : एक 'मुक्त' वस्ती, तिची चित्रणं आणि एक दुरुस्ती

आपल्याकडे 'स्लॅब' हा शब्द डोक्यावरचा आहे. गावात कुणी घरावर स्लॅब टाकला की त्याची आठवडाभर चर्चा होते. स्थळ पाहून आलेला मामा 'घर स्लॅबचं आहे' एवढं सांगतो आणि बाकीचं सगळ्यांना समजतं. कुडाचं, पत्र्याचं, कौलारू आणि स्लॅबचं ही आपल्या समाजातली चढती भाजणी आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात 'स्लॅब सिटी' नावाची वस्ती आहे असं पहिल्यांदा वाचलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली ती पक्क्या छपरांची रांग. प्रत्यक्षात तिथे उलटं आहे. स्लॅब पायाखाली आहे आणि डोक्यावर जे काही असेल ते ज्याचं त्याने आणायचं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथे नुसती जोती आहेत. इमारती गेल्या, जोती राहिली आणि त्या जोत्यांवर माणसं येऊन राहिली.

हा लेख एका दुरुस्तीसाठी लिहितो आहे. २०१० च्या सुमारास आमच्या फिल्म सोसायटीने जानफ्रांको रोझी या इटालियन दिग्दर्शकाचा 'बिलो सी लेव्हल' (२००८) हा याच वस्तीवरचा माहितीपट दाखवला होता. प्रास्ताविक मी केलं होतं आणि पुढे त्यावर एक लांबलचक लेखही लिहिला. त्याचं शीर्षक होतं 'मुक्तांची वसाहत'. या माणसांनी मालकी नावाची गोष्टच आयुष्यातून वजा केली आहे, अशा आशयाचं एक वाक्य त्यात होतं आणि ते मला तेव्हा फार आवडलं होतं. गेल्या फेब्रुवारीत सॅन दिएगोला मुलीकडे असताना ती वस्ती पहिल्यांदा पाहिली. ते वाक्य आता मागे घ्यावं लागेल.

जागेचा सातबारा

आधी जमीन. स्लॅब सिटी कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिणेला, इम्पीरियल काउंटीत आहे. नायलंड या छोट्या गावापासून काही मैल पूर्वेला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली अमेरिकेच्या मरीन दलाने इथे 'कॅम्प डनलॅप' हा प्रशिक्षण तळ उभारला. युद्ध संपलं, तळाची गरज उरली नाही. १९५६ पर्यंत इमारती काढून नेल्या गेल्या आणि काँक्रीटचे स्लॅब तेवढे मागे राहिले. १९६१ मध्ये जमीन कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात आली. क्षेत्र ६४० एकर, म्हणजे बरोबर एक चौरस मैल.

हा 'बरोबर एक चौरस मैल' योगायोगाने आलेला नाही. अमेरिकेची सरकारी जमीन मोजताना ती एकेक चौरस मैलाच्या चौकटींत विभागली गेली आणि प्रत्येक ३६ चौकटींमागे काही चौकटी शाळांसाठी राखून ठेवल्या गेल्या. कॅलिफोर्नियाला १८५३ च्या कायद्याने १६ आणि ३६ क्रमांकाच्या चौकटी मिळाल्या. स्लॅब सिटी ३६ क्रमांकाच्या चौकटीवर आहे. अशा शालेय जमिनींचं उत्पन्न आज राज्यातल्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे जातं. म्हणजे ज्या जागेला सगळे 'कुणाचीच नसलेली' म्हणतात, ती कागदोपत्री मास्तरांच्या पेन्शनची जमीन आहे. मी स्वतः निवृत्त मास्तर. हे वाचल्यावर हसू आलं आणि जरा संकोचही वाटला.

त्याच्याही मागे एक पान आहे. या खोऱ्यात एके काळी मोठं गोडं सरोवर होतं. त्याच्या जुन्या काठावर काविया लोकांनी मासे पकडण्यासाठी रचलेल्या दगडी सापळ्यांचे अवशेष अजून आहेत. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांशी १८५१-५२ मध्ये केलेले अठरा करार अमेरिकी सिनेटने मंजूर केले नाहीत. पुढच्याच वर्षी शालेय जमिनींचा कायदा झाला. मग या चौरस मैलावरचा पहिला अतिक्रमणदार कोण, हा प्रश्न उरतो. मी पाहिलेल्या एकाही चित्रपटाने तो विचारलेला नाही.

डोंगर आणि वाट

सॅन दिएगोहून निघाल्यावर डोंगर ओलांडून रस्ता खाली उतरतो आणि अचानक हिरवीगार शेतं लागतात. हे कोलोरॅडो नदीच्या कालव्यांचं पाणी. १९०५ साली याच नदीचं पाणी कालव्याचा काठ फोडून दोन वर्षं खोलगट भागात साचत राहिलं आणि सॉल्टन समुद्र नावाचं खारट तळं तयार झालं. नायलंड सोडलं की शेतं संपतात. रस्त्याच्या कडेला लष्कराची जुनी पहारा-चौकी आहे. तिच्यावर रंगाने स्वागत लिहिलेलं आहे आणि 'शेवटची मुक्त जागा' असंही. मुलगी म्हणाली, "बाबा, फोटो काढायचा असेल तर इथेच काढा. सगळे इथेच काढतात." काढला. पहारेकऱ्याच्या खोलीवर मुक्तीची पाटी, यातली गंमत माझ्या लक्षात आली ती घरी परतल्यावर फोटो पाहताना.

त्याआधी लागतो 'सॅल्व्हेशन माउंटन'. वस्तीच्या तोंडाशी एका टेकाडाच्या उतारावर लेनर्ड नाइट (१९३१-२०१४) या माणसाने रचलेली ही रंगीत टेकडी. माथ्यावर क्रूस, खाली देव म्हणजे प्रेम अशा अर्थाची प्रचंड अक्षरं, फुलं, झरे, पट्टे. नाइट १९८४ मध्ये इथे आला तो स्वतः शिवलेला हवाई फुगा उडवायला. फुगा कुजला होता, उडाला नाही. निघण्यापूर्वी आठवडाभर थांबून एखादं छोटं स्मारक करावं म्हणून त्याने काम सुरू केलं आणि पंचवीसेक वर्षं करत राहिला. अमेरिकेच्या लोककला संस्थेने २००० साली या टेकडीला जतन करण्याजोगं लोककलास्थळ म्हटलं.

तिच्याकडे मी भाबड्या श्रद्धेचं चित्र म्हणून पाहत होतो. जवळ गेल्यावर लक्ष गेलं ते साहित्याकडे. पहिली टेकडी नाइटने सिमेंट आणि भरपूर वाळू कालवून रचली होती. ती १९८९ मध्ये ढासळली. दुसऱ्या वेळी त्याने तिथलीच चिकणमाती खणली, पेंढा मिसळला आणि वर देणगीत आलेल्या रंगाचे थर चढवले. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीला लिंपणारी कुठलीही बाई त्याला हे पहिल्याच दिवशी सांगू शकली असती. पण या शोधातच त्या कलाकृतीचं मर्म आहे. संपूर्ण वस्ती लष्कराच्या काँक्रीटवर टेकलेली असताना ही एकच मोठी गोष्ट तिथल्या मातीची आहे. म्हणूनच तिला सतत माणूस लागतो. ऊन रंगाला तडे पाडतं, पाऊस माती ओढून नेतो. आम्ही गेलो तेव्हा दोन स्वयंसेवक गुडघ्यावर बसून एका निळ्या पट्ट्याची डागडुजी करत होते. १९९४ मध्ये काउंटीने रंगातल्या शिशाने जमीन दूषित झाल्याचं म्हटलं होतं; स्वतंत्र चाचण्यांमध्ये तसं आढळलं नाही आणि टेकडी वाचली. सरकार इथे येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. सरकार येतं, आपल्या सवडीने येतं.

चार चित्रणं

आता मूळ मुद्दा. या वस्तीची बाहेरच्या जगाला झालेली ओळख प्रामुख्याने पुस्तकांतून आणि चित्रपटांतून झाली आहे. त्यांतली चार चित्रणं मी परतल्यावर पुन्हा वाचली-पाहिली.

जॉन क्रॅकॉअर यांचं 'इन्टू द वाइल्ड' (१९९६) हे सगळ्यांत प्रसिद्ध. घरदार सोडून निघालेला आणि पुढे अलास्कात मरण पावलेला क्रिस मॅकँडलेस हा तरुण काही काळ या जोत्यांवर राहिला होता. पुस्तकात तो इथे काय करतो? ओळखीच्या एका बाईच्या जुन्या बाजारातल्या गाळ्यावर वापरलेली पुस्तकं लावतो आणि विकतो. त्याच्यावर भाळलेली एक सतरा वर्षांची मुलगी मोजक्या ओळींत येते. तो तिच्याकडे फारसं लक्षही देत नाही. शॉन पेन यांच्या २००७ च्या चित्रपटात हीच मुलगी एक हळवं प्रकरण होते. तिच्याबरोबर गाणं येतं, आणि खुद्द लेनर्ड नाइट आपल्या टेकडीवर उभा राहून दोघांना प्रेमाविषयी सांगतो. प्रसंग देखणा आहे, आणि नाइट तिथे अभिनय करत नाही हेही जाणवतं. पण पुस्तकातली वस्ती म्हणजे बाजार होता: जुन्या वस्तू, चार पैसे, हिवाळ्याची ये-जा. चित्रपटाने तिचं तीर्थक्षेत्र केलं. आज तिथे येणारे बहुतेक तरुण पर्यटक या चित्रपटामुळे येतात आणि बाजार न पाहता तीर्थ पाहून जातात.

रोझींचा 'बिलो सी लेव्हल' याच्या नेमका उलट. आपल्याला रोझी जवळचे वाटावेत असं एक कारण आहे. त्यांचा पहिला चित्रपट 'बोटमन' (१९९३) काशीच्या घाटांवरचा, एका नावाड्याच्या सोबतीने केलेला. नंतर व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि बर्लिनचं सुवर्ण अस्वल त्यांना मिळालं. 'बिलो सी लेव्हल'मध्ये निवेदन नाही. टोपणनावांनी ओळखली जाणारी माणसं आहेत आणि दिग्दर्शक काही वर्षं त्यांच्यात ये-जा करून, स्वतःच कॅमेरा धरून त्यांचं ऐकतो. ऐकण्याची ही ताकद आजही मला मोठी वाटते. चूक झाली ती माझी. ही माणसं गमावलेल्या घराविषयी, दुरावलेल्या लेकरांविषयी, मोडलेल्या शरीराविषयी सतत बोलतात, आणि मी त्यातून 'मालकी वजा केल्याचा' आनंद वाचला! ज्यांच्याकडून घर सुटलं त्यांना मी घर सोडणारे ठरवलं. आपल्या संतपरंपरेने आपल्याला त्यागाकडे पाहायला शिकवलं आहे. पण तोटा आणि त्याग यांत फरक आहे, आणि तो पडद्यावर स्पष्ट दिसत होता. रोझींची मर्यादाही नोंदवायला हवी. माणसांच्या चेहऱ्यांच्या इतकं जवळ राहिल्यामुळे जमीन कुणाची हा प्रश्न त्यांच्या चित्रपटाचा होत नाही. वस्ती जणू नशिबाने आणून टाकलेली जागा वाटते.

तिसरं चित्रण शेजारच्या गावाचं आहे. सॉल्टन समुद्राच्या काठावर, नायलंडपासून गाडीने अर्ध्या तासावर चक्क 'बॉम्बे बीच' नावाचं गाव आहे. त्यावर अल्मा हारेल यांनी त्याच नावाचा माहितीपट केला (२०११). त्यात गावातली गरीब माणसं मध्येच बसवलेली नृत्यं करतात. समीक्षकांनी याला कधी काव्य म्हटलं, कधी लबाडी. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. तुमच्याकडे मी पाहते आहे आणि या पाहण्याला मी आकार देते आहे, हे दिग्दर्शिका लपवत नाही.

चौथं चित्रण म्हणजे वास्तुशास्त्राचे प्राध्यापक चार्ली हेली आणि छायाचित्रकार डोनोव्हन वायली यांचं 'स्लॅब सिटी' (२०१८) हे पुस्तक. वायली उत्तर आयर्लंडचे. तिथला मेझ तुरुंग आणि ब्रिटिश सैन्याचे टेहळणी मनोरे हे त्यांचे आधीचे विषय. तुरुंगाचा छायाचित्रकार मुक्त वस्तीत का गेला, हा प्रश्न मनात घेऊन मी पानं उलटली. उत्तर जोत्यात आहे. या दोघांची नजर छपराआधी पायावर जाते: काँक्रीट, जुन्या छावणीची आखणी, तिच्यावर बसलेलं आजचं राहणं. चौघांत हे एकच चित्रण जोत्यापासून सुरुवात करतं. तरीही 'शेवटची मुक्त जागा' हे शब्द त्यांच्या उपशीर्षकातून सुटलेले नाहीत. आतलं काम जो प्रश्न उभा करतं, त्याचं उत्तर मुखपृष्ठ आधीच देऊन टाकतं.

कॅन आणि पाटी

वस्तीत फिरताना पहिली गोष्ट दिसली ती कुंपणं. टायरांची, जुन्या प्लायवूडची, बाटल्यांची, वाळक्या फांद्यांची. जागोजागी पाट्या: आत येऊ नये, खासगी जागा, कुत्रा आहे. नळ नाही, वीज नाही, गटार नाही, कचऱ्याची गाडी नाही. पण हद्द आहे. एका जोत्यावर तीन बिऱ्हाडं होती आणि मध्ये पांढऱ्या रंगाने आखलेली रेघ. भावकीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला ती रेघ ओळखायला वेळ लागत नाही.

मोकळ्यावरचं एक वाचनालय आहे, त्याच्या सावलीत एक म्हातारा भेटला. पूर्वी सुतारकाम करायचा. उन्हाळ्यातही इथेच राहणाऱ्या थोड्यांपैकी. हिवाळ्यात थंड प्रदेशांतून फिरत्या घरांनी येणाऱ्यांनी वस्ती फुगते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा उरणाऱ्यांची संख्या दीडशेच्या आसपास दिली जाते. त्याच्या सायकलला मागे लाकडी गाडा जोडलेला होता आणि गाड्यावर पाण्याचे चार कॅन. मी त्याला जे विचारू नये तेच विचारलं, "इथे मोकळं वाटतं का?"

तो म्हणाला, "पाणी आणलं त्या दिवशी वाटतं."

मग त्याने विचारलं, माझ्या देशात स्लॅबला काय म्हणतात. मी म्हटलं, स्लॅबच म्हणतात, पण आमच्याकडे तो डोक्यावर असतो. तो खूप वेळ हसला. "मग तुमच्याकडे सरकार छप्पर देतं?" मी म्हटलं, नाही, तेही देत नाही. त्याने फोटो काढू दिला नाही. तेही बरंच झालं.

तेवढ्यात दूरवर गडगडाट झाला. मी आभाळाकडे पाहिलं. पाऊस नव्हता. पलीकडच्या चॉकलेट डोंगरांत लष्कराचं बॉम्बफेकीच्या सरावाचं क्षेत्र आहे आणि ते अजून चालू आहे. म्हाताऱ्याने मानही वळवली नाही.

वस्तीच्या एका टोकाला 'ईस्ट जीझस' हा कलावंतांचा तळ आहे. टाकाऊ वस्तूंची शिल्पं, बाटल्यांची भिंत, फुटक्या टीव्ही संचांच्या काचांवर लिहिलेले टोमणे. उपभोगवादावरचं हे भाष्य काही ठिकाणी तीक्ष्ण आहे, काही ठिकाणी एकाच विनोदाची उजळणी. मला अधिक बोलकी वाटली ती त्या तळाची पुढची कथा. तिथल्या मंडळींनी नोंदणीकृत संस्था काढली आणि आपल्या पायाखालची जमीन राज्याकडून विकत घेतली. मुक्ततेचं सगळ्यांत बोलकं चित्र रंगवणाऱ्यांनी शेवटी सातबारा करून घेतला. यात ढोंग नाही. उभं केलेलं टिकावं असं वाटलं की माणूस कागद शोधतो.

आणि इथेच माझा जुना लेख पूर्ण कोसळतो. मी वर्षानुवर्षं वर्गात जयवंत दळवींची 'चक्र' आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' शिकवली. या कादंबऱ्यांतल्या वस्तीला 'मुक्त' म्हणण्याची कल्पनाही मला किंवा माझ्या विद्यार्थ्यांना कधी सुचली नाही. मुंबईत १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर मिळालेला फोटोपास लोकांनी देव्हाऱ्यात ठेवला. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या भूमिहीनांनी ते नावावर व्हावं म्हणून पिढ्या घालवल्या. तिथे नळ नसणं, वीज नसणं याला आम्ही वंचना म्हणत होतो. तेच नसणं अमेरिकन वाळवंटात, गोऱ्या माणसांच्या वाट्याला आलं, चांगल्या कॅमेऱ्याने टिपलं गेलं, तेव्हा मी त्याला मुक्ती म्हटलं. ही चूक रोझींच्या चित्रपटातली नाही, माझ्या चष्म्यातली आहे.

दोन्हीकडची परिस्थिती एकच आहे असं मी म्हणत नाही. मुंबईत झोपडीखालची जमीन सोन्याच्या भावाची असते, म्हणून बुलडोझर येतो. इथे जमिनीला भाव नव्हता, म्हणून साठ वर्षं कुणी आलं नाही. स्लॅब सिटीतलं स्वातंत्र्य कुणी जिंकलेलं नाही, कुणी दिलेलंही नाही. त्या जमिनीची कुणाला गरज पडली नाही, एवढाच त्याचा आधार आहे. आता सॉल्टन समुद्राच्या या टोकाला भूगर्भातल्या उष्ण खारट पाण्यातून लिथियम काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. बॅटऱ्यांच्या युगात या खोऱ्याला नवा भाव येऊ घातला आहे. तो चौरस मैलापर्यंत पोचला तर पांढऱ्या रंगाच्या रेघा कोण मानणार?

वस्तीत राहणाऱ्यांचं धाडस, त्यांची कलाकुसर, एकमेकांना धरून राहणं यांतलं काहीही मी कमी लेखत नाही. तिथल्या मोकळ्या रंगमंचावर शनिवारी रात्री जो येईल त्याला गायला मिळतं. ही गोष्ट आपल्या किती शहरांत उरली आहे? पण त्यांच्याविषयी लिहिताना छपराआधी जोतं पाहावं, आणि जोत्याखाली कुणाचं नाव आहे हे विचारावं, एवढी शिस्त मला समीक्षक म्हणून पाळता आली असती.

परतताना मुलीने विचारलं, "मग बाबा, तुमचा तो जुना लेख?" मी म्हटलं, नवा लिहितो. शीर्षक तेवढं म्हाताऱ्याकडून घेतो.